बाहेरचा सॉकेट आणि आत शिरणारं पाणी

(दृश्य: बाहेरच्या भिंतीवरचा उघडलेला सॉकेट, अगदी जवळून.)

बाहेरून हा सॉकेट चांगला दिसत होता. झाकण शाबूत, तडा कुठेच नाही. आता आत बघा. न्यूट्रलच्या स्क्रूवर हिरवट पूड साचली आहे, तो तांब्याचा गंज. खालच्या कोपऱ्यात मुंग्यांनी माती भरली आहे आणि त्याच्या थोडं वर पाणी साचून आटल्याची रेघ आहे. हे पाणी झाकणातून आलं नाही. ते मागून आलं, वायरसाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून.

घराबाहेरचं वायरिंग करताना पाणी आत येणारच, असं धरून चालायचं. आलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी, आणि ते नाही गेलं तर लाइन तोडणारं काहीतरी हवं.

तोडणाऱ्याचं आधी बोलू, कारण जीव त्यावर आहे. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की लाइन तोडणारा स्विच, वायर जळू देत नाही. माणसाशी त्याला देणंघेणं नाही. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगातून 50 मिलीअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतो. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो. 300 मिलीअँपिअरचा मिळतो, पण तो आग टाळण्यासाठी. इथे चालणार नाही. आणि आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून एमसीबी त्याच्या जोडीला राहतोच.

शक्य असेल तर बाहेरच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी द्या. नाहीतर अंगणातल्या एका ओल्या दिव्यापायी फ्रिजसकट अख्खं घर बंद पडतं.

इथली नेहमीची चूक न्यूट्रलची. जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उचलला, की दिवा लावताक्षणी आरसीसीबी पडतो. दोष आरसीसीबीचा नसतो, परतणारा करंट त्याच्यातून येतच नाही. मग कुणीतरी वैतागून तो बायपास करतं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. डीबीतून, म्हणजे हे स्विच बसवलेल्या घरच्या मुख्य बॉक्समधून, नवी लाइन काढणं परवानाधारक वायरमनकडेच सोपवावं.

(दृश्य: मेन बंद होतो. टेस्टरची दोन टोकं सॉकेटमध्ये.)

काम सुरू करण्याआधी मेन बंद. टेस्टर आधी या मेनवर नसलेल्या चालू पॉइंटवर तपासायचा, मग इथे, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना, हे तिसऱ्या तपासणीत कळतं. दिवा पेटणाऱ्या पेचकसावर यासाठी विसंबू नका. रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडावर उभं राहिलं तर तो फेजवरही नीट पेटत नाही.

आता पाणी. भिंतीचं भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडा. केबल बॉक्समध्ये खालूनच घ्या आणि त्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल. ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला घट्ट आवळणारा भाग, केबलच्या जाडीचाच हवा. गोल ग्लँडमध्ये चपटी केबल घातली की दोन्ही बाजूंना फट राहते. ती टेपने बुजवू नका, उन्हात टेप सुटते. बॉक्सभोवती सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा. खालची कड मोकळी ठेवा.

चारही बाजू बंद केल्या तर? रात्री दिवा तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. बंद केल्यावर तो गार होतो आणि बाहेरची दमट हवा, कधी थेंबही, आत ओढतो. म्हणून चांगल्या बॉक्सच्या तळाला पाणी निघायला भोक किंवा फोडायची खूण असते. ते भोक तिथेच करा, मनाने दुसरीकडे नको.

बॉक्सवरचा आयपी आकडा धूळ आणि पाणी किती अडवतो ते सांगतो. आयपी 44 म्हणजे उडालेलं पाणी झेलणारा, आयपी 65 म्हणजे पाइपची धारही झेलणारा. पण बऱ्याच सॉकेटचा हा आकडा झाकण बंद असतानाचा असतो. प्लग लावून ठेवायचा असेल तर प्लगसकट मिटणारं खोल झाकण घ्या.

जमिनीतून जाणारी केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचं चिलखत असलेली हवी, त्या आर्मरला अर्थिंग हवं. खणलं जाईल अशा जागी साधारण 600 मिलिमीटर खोल चर, आणि केबलच्या वर धोक्याची पट्टी.

बागेतल्या दिव्यांना 12 व्होल्ट जास्त सुरक्षित, पण हिशेब करून. 60 वॉटला 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात. 20 मीटर लांब, 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन येऊन सुमारे 2.4 व्होल्ट वाटेतच संपतात आणि शेवटचा दिवा मिणमिणतो. 4 चौरस मिलिमीटरची घेतली तर घट 1 व्होल्टच्या आत राहते.

लाइन चालू करण्याआधी एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला वीज पुरवणारा भाग) सोडवून 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासणारं मीटर, लावतात. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर लाइन चालू करायची नाही. नंतर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा आणि दर तीन महिन्यांनी दाबत राहा. त्याने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

पहिला मोठा पाऊस झाला की मेन बंद करून झाकण उघडा. आत कोरडं असलं तरी तळाच्या भोकात काडी फिरवा. मुंग्या आधी तेच बुजवतात.