अभ्यासाच्या नावाखाली जे अभ्यास खातं

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी नवीन आलेल्या मुलामुलींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा बसा, मागे जागा आहे, दारातली मुलं पण आत या. मी क्लासवाली मॅडम नाही हे आधीच सांगते, ही अभ्यासिका चालवते, सकाळी सहाला कुलूप काढते, रात्री अकराला लावते आणि मधल्या वेळात त्या काउंटरवर बसून वर्षानुवर्षं मुलं बघत आलेय. कोण किती हुशार ते तिथून कळत नाही, पण कोणाचा दिवस कुठे जातो ते मात्र स्वच्छ दिसतं, आणि मला तेवढ्याबद्दलच बोलायचंय.

मोबाइलचं नाव काढलं की सगळे रील्सवर घसरतात. रील्स वाईटच, 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं आणि काही दिवसांतच इन्स्टाने रील्स आणलं, तेव्हापासून या हॉलमधल्या माना जरा जास्तच खाली गेल्या, हे खरं आहे. पण रील्स बघणाऱ्या पोराला आतून माहीत असतं की आपण टाइमपास करतोय, थोड्या वेळाने त्याला टोचणी लागते आणि तो फोन ठेवून पुस्तक ओढतो. टेलिग्रामवर कटऑफची, म्हणजे पास व्हायला किती मार्क लागतील याची चर्चा वाचणाऱ्याला टोचणीच लागत नाही, कारण त्याला वाटतं हा अभ्यासच चाललाय. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचा सगळ्यात जास्त वेळ करमणूक खात नाही, अभ्यासाच्या नावाने जे येतं ते खातं. ग्रुप, चॅनेल, स्ट्रॅटेजीचे व्हिडिओ आणि माणसं. हो, माणसंसुद्धा.

एक दिवस सांगते म्हणजे कळेल. प्रीची, म्हणजे पूर्व परीक्षेची पहिली आन्सर की, उत्तरतालिका येते ना, तो दिवस. इथे शंभरेक मुलं बसलेली असतात, पिनड्रॉप सायलेन्स, आणि एकाचा फोन थरथरतो, मग शेजारच्याचा, पाच मिनिटात अख्खा हॉल जिन्यात उतरलेला असतो. स्कोअर मोजून झाले की कोणीतरी गुगल फॉर्म टाकतो, सगळ्यांनी मार्क भरा कटऑफ काढू, मग भरलेले मार्क खरे की खोटे यावर वाद, मग अमुक प्रश्नावर हरकत घ्यायची का, तो रद्द झाला तर कोणाला फायदा, मग एखादे सर लाइव्ह येऊन एक आकडा सांगतात आणि संध्याकाळी दुसरे सर दुसरा आकडा सांगतात. दुसरी की येईपर्यंत हेच चालू. या सगळ्यात एकाचाही मार्क इकडचा तिकडे होत नाही, पेपर देऊन झालेला असतो, पण ज्यांचं पास व्हायचं बऱ्यापैकी नक्की असतं त्यांचेही मेन्सचे, म्हणजे पुढच्या मुख्य परीक्षेचे आठवडे त्यात जातात. आणि जो मुलगा त्या दिवशी स्कोअर मोजून, एका कागदावर लिहून, परत येऊन मेन्सच्या ऑप्शनलचं, ऐच्छिक विषयाचं पुस्तक उघडतो, त्याला बाकीचे म्हणतात, याला काही पडलेलीच नाही. पडलेली असते हो, फार पडलेली असते म्हणूनच तो आत येऊन बसतो.

टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं असू शकतात. दोन लाख! त्यातल्या थोड्या लोकांना जरी रोज एक शंका आली, जागा वाढणार का, तारीख पुढे जाणार का, तरी तुम्हाला दिवसभर पुरेल एवढं वाचायला मिळतं आणि त्याला शेवट नसतो. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, पुढच्या पानावर क्लिक करावं लागायचं, तिथे माणूस क्षणभर थांबायचा. 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल बनवलं आणि नंतर त्याचं त्यालाच ते खटकलं, त्याने जाहीरपणे तसं सांगितलं. म्हणजे थांबायची जागा मुद्दाम काढून टाकलेली आहे, तुम्ही ढिले आहात म्हणून तुम्ही अडकत नाही, हे डोक्यातून काढा आधी.

आता नुकसान नक्की कसं होतं ते बघू, कारण मुलं म्हणतात दोनच मिनिटं बघितलं ना ताई. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये ग्लोरिया मार्क नावाच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी ऑफिसातल्या माणसांच्या मागे घड्याळ घेऊन बसून बघितलं की कामात खंड पडला की मूळ कामावर परत यायला किती वेळ लागतो, तर सरासरी 23 मिनिटं, कारण मधे माणूस दुसरीच एक-दोन कामं करून येतो. त्यांनीच 2004 मध्ये मोजलं तेव्हा एका स्क्रीनवर लक्ष सरासरी अडीच मिनिटं टिकायचं, अलीकडच्या मोजणीत ते 47 सेकंदांवर आलंय. सोफी लेरॉय यांचं 2009 चं काम आहे, त्यात त्यांना दिसलं की एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मनाचा एक तुकडा मागच्या कामातच राहतो. म्हणजे तुम्ही कटऑफची चर्चा अर्ध्यात सोडून राज्यपालांच्या अधिकारांवर आलात तर डोळे राज्यपालांवर आणि डोकं कटऑफवर. तीच ओळ चार वेळा वाचताय ना, ती यामुळे. आणि 2017 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की फोन सायलेंटवर, पालथा, नुसता टेबलावर असला तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांच्यापेक्षा त्या लोकांची कामगिरी कमी पडली. काउंटरवर लॉकर का ठेवलेत, त्याचं उत्तर हे आहे.

आणि तुमच्या पिढीला हे जास्त महाग पडणार आहे. आधी मेन्स ऑब्जेक्टिव्ह होती, तुकड्यातुकड्यात वाचून, वन-लायनर पाठ करून बरंच निभावून जायचं. आता 2025 पासून राज्यसेवा मेन्स वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, त्यातले सात मेरिटचे, म्हणजे मार्क धरले जाणारे, 1750 मार्क, वर मुलाखत 275. ही पद्धत 2023 लाच लागू होणार होती, याच पेठेतली मुलं रस्त्यावर बसली म्हणून 2025 पर्यंत पुढे गेली, ती वाढीव वर्षं पण आता संपली. तीन-तीन तास सलग लिहायचं म्हणजे प्रश्न वाचायचा, विचार करायचा, मुद्दे लावायचे, लिहायचं, पुढचा प्रश्न. 47 सेकंदाला स्क्रीन बदलायची सवय लागलेलं डोकं तिथे पाऊण तासात थकतं, मी वरच्या टेस्ट हॉलमध्ये बघते ना, पहिली पाच उत्तरं देखणी असतात आणि नंतर अक्षर पडत जातं, मुद्दे विरत जातात. अभ्यास कमी म्हणून नाही, सलग बसायची सवय गेली म्हणून.

आता माणसांचं, आणि हे जरा नाजूक आहे. आपल्याकडे माणूस तोडायचा म्हटलं की जिवावर येतं, एका मेसमध्ये जेवतो, एका रूमवर राहतो, गावाकडून एका एसटीने आलोय. पण काही संपर्क असे असतात की त्यांचा फोन येऊन गेला की पुढचा तासभर तुम्ही मोकळे राहत नाही. दिवसातून चार वेळा चहाला बोलावणारा आणि चहावर फक्त आयोगाच्या नावाने रडगाणं गाणारा. तुमचा टेस्टचा स्कोअर विचारणारा पण स्वतःचा कधी न सांगणारा. कितवा अटेम्प्ट तुझा, असं सगळ्यांसमोर विचारणारा. आणि ते सीनियर, ज्यांनी अभ्यास कधीच सोडलाय पण पेठ सोडलेली नाही, टपरीवर उभे राहून नवीन मुलांना सांगतात, सगळं आधीच ठरलेलं असतं रे, काही होत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या वाट्याला भरतीच्या रखडलेल्या जाहिराती आलेल्या आहेत, त्यांचं दुखणं खरं आहे, पण ते रोज संध्याकाळी तुम्ही अंगाला लावून घेताय आणि रात्रीचं सेशन वाया घालवताय.

भांडण करायची गरज नसते. आमच्याकडे एक मुलगी होती, लातूरकडची, तिने तिच्या चहाच्या ग्रुपला सरळ मेसेज टाकला होता, मला दाखवला होता तिने: "मेन्सपर्यंत मी चहाला एकदाच येणार, रात्री जेवण झाल्यावर, तेव्हा आयोग आणि कटऑफ सोडून काहीही बोलू. राग मानू नका." दोघींना राग आला, एक तिच्यासारखीच वागायला लागली, बाकीच्यांना दोन दिवसात सवय झाली. एवढंच होतं. व्हॉट्सॲपचे ग्रुप तर आता गुपचूप सोडता येतात, 2022 पासून फक्त ॲडमिनला कळतं, सगळ्यांसमोर नाव झळकत नाही. नातेवाइकांचा ग्रुप सोडवत नसेल तर कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, मावशीला काही कळत नाही आणि वाढदिवसाला शुभेच्छा रविवारी एकदम देता येतात.

त्याच मुलीची अजून एक गोष्ट मला फार पटलेली आहे. वाचता वाचता काहीतरी आठवतं ना, अरे ती जीएसटीची बैठक कधी झाली, बघू जरा, आणि बघायला म्हणून फोन घेतला की अर्ध्या तासाने आपण भलत्याच ठिकाणी. ती टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवायची, जे बघावंसं वाटेल ते त्यावर लिहायची आणि पुढे वाचत राहायची. रात्री लॉकरमधून फोन घेतला की कागद घेऊन बसायची, त्यातलं बरंचसं तेव्हा बघावंसंच वाटायचं नाही आणि उरलेलं पटापट संपायचं. पीडीएफचं पण तेच, पाच क्लासच्या पाच चालू घडामोडी डाउनलोड करायच्या आणि एकही पूर्ण वाचायची नाही, त्यापेक्षा एक मासिक घ्या, एबीसीत, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतं, पेन्सिलने वाचा, तेच परत वाचा. स्ट्रॅटेजीचा व्हिडिओ तयारी सुरू करताना एखादा ठीक आहे, दर आठवड्याला नवीन टॉपरची स्ट्रॅटेजी बघणाऱ्याची स्वतःची अशी कधी बनतच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, ही नीट ऐका. त्रास देणारे संपर्क कमी करा म्हणाले म्हणून जो मित्र खरंच खचलाय त्याला त्या यादीत टाकू नका. रोज रडणारा आणि खरंच अडचणीत असलेला यात फरक आहे आणि तो बहुतेक वेळा आवाजात कळतो. रडणारा जोरात बोलतो, पुष्कळ लोकांशी बोलतो. खचलेला मेसला येणं बंद करतो, खुर्ची रिकामी राहते, घरचे फोन उचलत नाही, पुस्तकं कोणाला तरी देऊन टाकतो. असं दिसलं तर अभ्यास गेला खड्ड्यात, त्याच्या रूमवर जा, त्याच्यासोबत बसा, मला रात्री दोनला उठवलंत तरी चालेल. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, जिन्याशेजारी लिहून लावलाय, तो तेवढा फोनमध्ये सेव्ह करा.

आणि घरचे. आईचा फोन हे डिस्ट्रॅक्शन नाही, पण त्याला वेळ लावून द्या. रात्री साडेनऊला मी करेन, असं एकदा सांगितलं आणि खरंच रोज केला की दिवसा येणारे फोन आपोआप कमी होतात, कारण आईला काळजी असते ती तुमचा आवाज ऐकायची. अर्जंट काही असलं तर घरच्यांना काउंटरचा नंबर देऊन ठेवा, मी येऊन बोलावते.

कोणी काय विचारलं मागून? हां, ग्रुप सोडला तर फॉर्मची तारीख कळणार कशी. बरोबर प्रश्न आहे, या भीतीनेच सगळे अडकलेले असतात. आयोगाचं जे काही असतं, जाहिरात, शुद्धिपत्रक, वेळापत्रक, हॉल तिकीट, ते आयोगाच्या वेबसाइटवर येतं, ग्रुपवर येतं ते तिथूनच उचललेलं असतं आणि मधे कोणीतरी अफवा पण घुसडलेली असते. दर सोमवारी आणि गुरुवारी मी स्वतः वेबसाइट उघडून बघते आणि नवीन असेल त्याची प्रिंट काढून चपलांच्या रॅकवरच्या बोर्डावर लावते, तुम्ही पण आठवड्यातून दोनदा बघा, फॉर्म भरायला दिवस असतात, तासाभरात काही सुटत नाही. लॉकरच्या किल्ल्या उद्या सकाळपासून काउंटरवर मिळतील, नाव लिहून घ्या, डिपॉझिट काही नाही. ज्यांची आज टेस्ट आहे त्यांनी वर जा आता, पेपर वाटायला घेतलेत.