दोन टॉवरांमधली आडवी नळी

पडद्यावर दिसणारी ही गाडी सुबारू इम्प्रेझाच्या दुसऱ्या पिढीतील वॅगन आहे. ही पिढी 2000 साली जपानमध्ये आली आणि 2007 पर्यंत सेडान व वॅगन अशा दोन रूपांत तयार होत राहिली. मागचे दार वर उचलून डिकी रिकामी केली आणि दोन्ही कडांची प्लास्टिकची आवरणे काढली, की मागच्या आसनाच्या पाठीजवळ, डावीकडे आणि उजवीकडे, पत्र्याचा एकेक उंचवटा दिसतो. हे स्ट्रट टॉवर होत. प्रत्येकाच्या माथ्यावर तीन नट आहेत आणि त्या नटांखाली मागच्या चाकाचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडणी, टांगलेली आहे. या दोन माथ्यांना जोडणारी एक आडवी नळी आज बसवायची आहे.

ही नळी काय करते, हे समजण्यासाठी आधी स्ट्रट काय करतो ते पाहावे लागेल. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने 1940 च्या दशकात मांडलेल्या या रचनेत शॉकअप केवळ हादरे शोषत नाही, तर चाक उभे धरण्याचे कामही त्याच्याकडेच असते. खालून आडव्या दांड्या चाकाला धरतात आणि वरून स्ट्रटचा माथा. साधी मापे घेऊन हिशेब करू. वळणावर बाहेरच्या चाकाच्या टायरवर 3000 न्यूटन इतके आडवे बल आले, खालच्या दांड्या जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर आहेत आणि स्ट्रटचा माथा 80 सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर दांड्यांना 4000 न्यूटन सोसावे लागतात आणि माथा टॉवरला 1000 न्यूटनांनी बाहेर ढकलतो. स्प्रिंगचा उभा भार याहून वेगळा. वळण बदलले, खड्डा आला, की या ढकलण्याची दिशा आणि मात्रा बदलते, आणि पत्र्याचा टॉवर दर वेळी किंचित हलतो.

सेडानमध्ये या हालचालीला आडकाठी असते. मागच्या आसनामागची चौकट आणि काचेखालचा सपाट पत्रा दोन्ही टॉवरांच्या मधला भाग बांधून ठेवतात. वॅगनमध्ये मात्र आसन पाडून लांब सामान ठेवता यावे म्हणून हा भाग मोकळा सोडलेला असतो, आणि त्याच्या मागे मोठ्या दाराचे भोक असते. वॅगनचा हा उपयोग आणि तिचा हा कच्चेपणा एकाच मोकळ्या जागेतून आलेले आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या जाहिरातींत ती क्वचितच सांगितली जाते. आडवी नळी दोन टॉवरांमधील अंतर बदलू देत नाही. परंतु दोन्ही टॉवर एकाच दिशेने कलू लागले, तर केवळ त्या दोघांना धरलेली नळी त्यांच्याबरोबरच सरकते. वळणावर बाहेरच्या टॉवरवर भार अधिक आणि आतल्यावर कमी असतो, त्यामुळे नळी बाहेरच्याचा काही भार आतल्याकडे पोहोचवते, एवढाच तिचा खरा लाभ आहे. सेडानमधल्या सपाट पत्र्याची जागा ती घेऊ शकत नाही. तिरक्या दांड्यांनी फरशीलाही जोडलेली चौकट याहून पुष्कळ अधिक काम करते, मात्र ती डिकीची जागाही तितकीच खाते.

नळी निवडताना ती सरळ आहे का, हे प्रथम पाहावे. मध्येच वाकवलेली नळी भार आला की आणखी वाकते आणि स्प्रिंगसारखी वागू लागते. टोकांच्या पट्ट्या जाड पोलादाच्या असाव्यात, माथ्यावर पूर्ण टेकाव्यात, आणि नळी त्या पट्ट्यांपासून वेगळी काढता यावी; नाहीतर लांब सामान नेताना दर वेळी स्ट्रटचेच नट उघडावे लागतात.

बसवण्याचे काम चारही चाके जमिनीवर ठेवूनच करायचे. गाडी जॅकवर उचललेली असताना हे नट काढले, तर स्ट्रट खाली सुटतो. एका वेळी एकाच बाजूचे तीन नट काढावेत, आणि माथ्याभोवतीची माती व गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या जुन्या गाड्यांचा मागचा पत्रा पुष्कळदा आतून खाल्लेला असतो. टॉवरच गंजलेला असेल, तर नळीचे काम थांबवून आधी पत्र्याचे काम करावे. मधोमध असलेल्या मोठ्या नटाला कधीही पाना लावू नये, कारण तो दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. पट्टी बसवल्यावर नटाला पुरेसे आटे उरतात का, ते पाहावे. हे नट लहान असल्यामुळे नुसत्या हाताच्या अंदाजाने सहज अति आवळले जातात, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. नळीची लांबी कमीजास्त करता येत असेल, तर ती ताण न देता, टॉवर आहेत तिथेच राहतील अशी बेतावी.

आता आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी थोडेसे. महाराष्ट्रातील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक छोट्या हॅचबॅकना, उदाहरणार्थ मारुती स्विफ्टला, मागे स्ट्रट नसून टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पोलादी तुळई, असते. तिथे चाकांचे आडवे बल बीमच्या बुशांमधून, म्हणजे रबरी सांध्यांमधून, बॉडीत जाते आणि शॉकअपच्या माथ्यावर सहसा फक्त उभा भार येतो. अशा गाडीत मागच्या माथ्यांना नळी जोडून हाती फारसे काही लागत नाही. तेच पैसे चांगले टायर, नवे बुश आणि व्हील अलाइनमेंट यांवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. खरे तर इम्प्रेझाच्या बाबतीतही हाच क्रम असावा. झिजलेल्या शॉकअपवर बसवलेली नळी कोणताही दोष झाकत नाही.

या वॅगनमध्ये आता दोन्ही पट्ट्या बसल्या आहेत आणि नळी मध्ये आडवी बसली आहे. प्रत्येक नटावर रंगाची एक बारीक रेघ ओढलेली आहे, ती नटावरून थेट पट्टीवर उतरते. काहीशे किलोमीटर धावल्यावर आवरण पुन्हा उघडायचे आणि या सहाही रेघा अखंड आहेत का, ते पाहायचे.