चाळीतला कांदा आणि डोक्यातला भाव

मंडळी, एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरताना आपण मनात एक आकडाही भरून ठेवतो. ‘क्विंटलला दोन हजारांच्या खाली द्यायचा नाही.’ हा आकडा कुठून आला? कधी गेल्या वर्षीचा आपला भाव असतो, कधी मोबाईलवर वाचलेला लासलगाव बाजाराचा कमाल भाव. कमाल भाव त्या दिवशी एखाद-दोन ट्रॅक्टरना मिळालेला असतो. आपलं गणित सर्वसाधारण भावावर, म्हणजे बहुतेक मालाला मिळालेल्या भावावर, करायचं असतं. पण आकडा एकदा डोक्यात बसला की त्याच्या खालचा प्रत्येक भाव तोट्याचा वाटू लागतो.

डॅनियल कानेमान आणि एमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं. माणूस नफा-तोटा मनातल्या एका खुणेपासून मोजतो. शंभर रुपये गेल्याचं दुःख शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, पुढच्या अभ्यासांत ते साधारण दुप्पट निघालं. आणि तोटा समोर दिसला की तो मान्य करण्याऐवजी माणूस मोठा धोका पत्करतो. चाळ न उघडणं हा तसाच धोका आहे, फक्त तो थांबण्यासारखा दिसतो म्हणून धोका वाटत नाही.

उदाहरण घेऊ. मेमध्ये १०० क्विंटल माल, भाव १,५०० रुपये, म्हणजे हातात दीड लाख. सप्टेंबरपर्यंत वजनातली घट, सड आणि मोड मिळून ३० टक्के गेले असं धरा. विकण्याजोगा माल उरला ७० क्विंटल. दीड लाखाला ७० ने भागा: २,१४३ रुपये. त्यात महिना एक टक्क्याने चार महिन्यांचं व्याज ६,००० आणि निवडणी-भरणीची मजुरी ५,००० धरली तर २,३०० रुपये. म्हणजे सप्टेंबरात दोन हजारांनी विकणारा ‘पाचशे जास्त मिळाले’ म्हणून समाधानी असतो, आणि प्रत्यक्षात क्विंटलमागे ३०० रुपयांनी मागे असतो.

दुसरी अडचण जास्त दुखरी आहे. ‘उत्पादन खर्चही निघत नाही, मग विकू कसा?’ हा खर्चाचा आकडा सरकारपुढे, बाजार समितीपुढे मांडायलाच हवा. तिथे तो न्यायाचा आहे. पण आज विकायचं की थांबायचं, हे ठरवताना त्याचा उपयोग नाही. बी, रोपं, खत, लागवडीची मजुरी हा पैसा गेलेला आहे. आज विकलं तरी तो गेलेला, दोन महिन्यांनी विकलं तरी गेलेलाच. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: चाळ रिकामी असती आणि हातात रोख असती, तर आजच्या भावाने हाच कांदा विकत घेऊन मी साठवला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण कांदा नाही, जुना खर्च सांभाळत बसलो आहोत.

मग थांबायला कारण म्हणून डिसेंबर २०१९ आठवतो. शहरांत किरकोळ भाव किलोला शंभराच्या वर गेले होते. ती तेजी आली ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने खरिपाचा लाल कांदा नासला म्हणून, आणि तोवर मेमधला कांदा बहुतेकांच्या चाळीत उरलेलाच नव्हता. ठळक आठवण आपल्याला वाटते तितकी नेहमीची नसते.

यावर उपाय वजनकाट्याचा आहे. भरतानाच २० किलोची जाळीची गोणी भरून ढिगाच्या मध्यावर, हात पोचेल अशी ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढा, सडका आणि मोडाचा कांदा बाजूला करा, उरलेला तोला, तारीख टाकून लिहा. समजा गोणी १७ किलोवरून १६ वर आली. १,६०० चा भाव पंधरा दिवसांत १,७०० झाला असेल तरच तुम्ही होता तिथेच आहात. पावसाळी दमट हवेत सड वाढते आणि पुढे मोड. भाव मात्र त्या वेगाने वाढेलच असं नाही. एका गोणीवरून सगळी चाळ कळत नाही, म्हणून मोठ्या चाळीत अशा तीन गोण्या ठेवा.

आणि माल एकदम विकायचा की एकदम थांबवायचा, हा हट्टच सोडा. भरतानाच चार हिस्से करून चार तारखा वहीत लिहा. विक्रीचा निर्णय एक जण घेत असेल तर वही घरातल्या दुसऱ्याच्या हातात असू द्या. तारीख पुढे ढकलायची झाली तर कारण लिहायचं, आणि ‘भाव वाढेल असं वाटतं’ हे कारण धरायचं नाही.

ती वही आणखी एका कामाला येते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, तेव्हा उन्हाळ कांदा चाळीतच होता. नंतर ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणणारे सगळीकडे भेटले. पण जुलैच्या पानावर काय लिहिलं होतं ते बघा. कारणं बरोबर असूनही शुल्काने फटका बसला असेल, तर पुढच्या वर्षी पद्धत बदलू नका. कारणच लिहिलेलं नसेल, तर त्या वर्षी भाव चांगला मिळाला असला तरी पद्धत बदला.