बुळबुळीत थर, चालता प्रवाह

समुद्राच्या ताज्या पाण्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी बुडवून ठेवलीय आणि तिला व्होल्टमीटर जोडलाय. पहिला दिवस तसाच जातो. मग काटा वर सरकू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत तीनेकशे मिलिव्होल्टची वाढ दिसते. धातू तोच, पाणीही तेच. बदललंय एवढंच, की पट्टीवरून बोट फिरवलं तर ते घसरतं. जंतुरहित पाण्यात ही वाढ दिसत नाही.

हा बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म, जिवाणूंनी स्वतःच्याच चिकट स्रावात बांधलेली वस्ती. १९७६ साली इटलीतल्या संशोधकांनी या वाढीकडे लक्ष वेधलं. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देण्याची क्रिया स्टीलवर एरवी रेंगाळत चालते. हा थर ती वेगवान करतो. फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या साधनात, याच कामासाठी महागडं प्लॅटिनम लागतं! जहाजं आणि पाइपलाइन सांभाळणाऱ्यांना मात्र ही वाढ नकोशी वाटते, आणि ते रास्तच आहे. तिच्यामुळे सांध्याच्या फटीत गंज लवकर धरतो.

आता जिवाणूंवर चालणाऱ्या फ्युएल सेलच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या ॲनोडकडे जाऊ. इथे ऑक्सिजन नाही. इथे जिओबॅक्टर नावाचा जिवाणू ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं क्षाररूप, खातो. ॲसिटेटच्या एका रेणूतून आठ इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते कुठेतरी टाकल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. आपण ते ऑक्सिजनला देतो, तो धातूला देतो.

पण इलेक्ट्रोडला टेकलेली असते फक्त तळातली रांग. वरच्या थरांतल्या पेशींनी काय करायचं? जरा जवळून पाहू या. पेशीबाहेर प्रथिनांचे धागे पसरलेले दिसतात, जेमतेम चार नॅनोमीटर जाडीचे. २०१९ मध्ये त्यांची रचना उलगडली, तेव्हा प्रत्येक धाग्यात हीमचे रेणू एकामागोमाग एक, अगदी खेटून रचलेले आढळले. आपलं रक्त लाल करणारं लोहयुक्त हीम याच घराण्यातलं. म्हणूनच जिओबॅक्टरचा दाट थर लालसर दिसतो. इलेक्ट्रॉन हीमवरून हीमवर उड्या घेत धातूपर्यंत पोहोचतात. मला या साऱ्या कथेत सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

ॲनोड कशाचा, हा प्रश्न बरीच वर्षं जवळजवळ कुणी विचारतच नव्हतं. कार्बन वापरायचा, असं ठरूनच गेलं होतं. तांबं वीज उत्तम वाहून नेतं खरं, पण ते जिवाणूंना मारक, म्हणून बाजूला पडलेलं. २०१५ साली जर्मनीत तांब्यावर आणि चांदीवर हे थर वाढवून पाहिले, आणि ते जोमानं वाढले. ॲनोडचं विभव, म्हणजे त्याची विद्युत पातळी, पुरेसं खाली असेल, तर तांबं फारसं विरघळत नाही.

प्रवाह मिळतो तो चौरस मीटरला दहाएक अँपिअर, व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास. तेवढ्यावर घर उजळत नाही. पण या उत्प्रेरकाचा मुलामा कुणी चढवावा लागत नाही. पट्टी खरवडून काढा, काटा खाली येईल. मग तिला पुन्हा पाण्यात सोडा आणि थोडे दिवस थांबा.