लेझँव्हालीद : एका वास्तूचे दोन दरवाजे

पॅरिसमधल्या ज्या वास्तूविषयी आज मी बोलणार आहे, तिच्या नावापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण ते नाव ऐकून गैरसमज होणे सोपे आहे. ‘ओतेल दे झँव्हालीद’ हे तिचे पूर्ण नाव. यातला ‘ओतेल’ म्हणजे उतारूंची सोय करणारे हॉटेल नव्हे; जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द मोठ्या वाड्याला, सार्वजनिक इमारतीला किंवा आश्रयस्थानाला लावला जाई. ‘अँव्हालीद’ म्हणजे जायबंदी. तेव्हा सरळ मराठीत सांगायचे तर हा ‘जायबंदी शिपायांचा वाडा’ आहे. आज तिथे जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना मात्र तो नेपोलियनच्या थडग्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असतो, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही, कारण दुरून दिसतो तो सोनेरी घुमट आणि घुमटाखाली आहे ते थडगे. शिपायांसाठी उभारलेली ही वास्तू सम्राटाच्या नावाने कशी ओळखली जाऊ लागली, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे आणि तिच्या बांधणीतही आहे.

सतराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये लढाईत हात-पाय गमावलेल्या किंवा म्हातारपणामुळे फौजेतून निघालेल्या शिपायाला आधार असा नव्हता. राजाज्ञेने त्यातल्या काहींना मठांमध्ये ठेवले जाई. मठाने त्यांना अन्नवस्त्र द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांनी घंटा वाजवणे, झाडलोट करणे अशी कामे करायची, अशी ती व्यवस्था होती. ती दोन्ही बाजूंना नकोशी होती. छावणीत आयुष्य काढलेल्या माणसाला मठातली शिस्त मानवत नसे, आणि मठाधिपतींना दारू पिऊन शिव्या देणारा पाहुणा नको असे. बरेच शिपाई तिथून पळून जात आणि पॅरिसच्या पुलांवर भीक मागत, प्रसंगी वाटमारीही करत. चौथ्या हेन्रीने आणि तेराव्या लुईने अशा माणसांसाठी स्वतंत्र आश्रय काढण्याचे प्रयत्न केले होते, पण पैशाअभावी ते टिकले नाहीत.

चौदाव्या लुईने 1670 मध्ये हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्याचा युद्धमंत्री लूव्हुआ याने आधी पैशाची तजवीज केली. युद्धखात्यातून होणाऱ्या खर्चाच्या प्रत्येक लिव्र्‌मागे दोन दनिये कापून घ्यायचे, असे ठरले. एका लिव्र्‌चे 240 दनिये होत, म्हणजे कपात शंभरात एकापेक्षाही कमी. पण लुईच्या लढाया थांबत नव्हत्या आणि त्यामुळे हा ओघही आटत नव्हता. मठांकडून पूर्वी शिपायांच्या पोटासाठी जे घेतले जाई, तेही आता रोख रकमेने इकडे वळवण्यात आले. युद्धाने मोडलेल्या माणसांचा खर्च युद्धाच्याच हिशेबात टाकण्याची ही योजना मला त्या घुमटाइतकीच महत्त्वाची वाटते. अर्थात लुईच्या मनात केवळ दया नव्हती. रस्त्यावर भीक मागणारा लंगडा शिपाई ही राजाच्या कीर्तीची उघड बदनामी होती, आणि नव्याने भरती होणाऱ्या तरुणाला म्हातारपणाची हमी दिसणे फौजेच्या फायद्याचे होते.

जागा निवडली ती सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या ग्रनेलच्या मैदानाची. तेव्हा तो भाग शहराबाहेर होता. आराखडा लिबेराल ब्र्यूआँ या वास्तुकाराचा. 1671 मध्ये पायाभरणी झाली आणि रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच 1674 सालच्या ऑक्टोबरात पहिले शिपाई तिथे राहायला आले. अवघ्या तीन वर्षांत एवढे काम उभे राहिले, यावरून लूव्हुआचा उरक लक्षात यावा.

ब्र्यूआँची रचना आपल्याकडच्या माणसाला समजायला कठीण नाही, कारण ती चौकांची आहे. मध्ये एक मोठा चौक, त्याच्या दोन्ही अंगांना लहान चौक, आणि सगळे एकमेकांना काटकोनात जोडलेले. स्पेनमधल्या एस्कोरियाल या मठ-राजवाड्याचा आदर्श त्यामागे होता. मधला मानाचा चौक 102 मीटर लांब आणि 64 मीटर रुंद आहे. त्याच्या चारही बाजूंना एकावर एक अशा दोन मजली कमानींच्या ओवऱ्या आहेत, म्हणजे पावसापाण्यात कुबड्या घेतलेल्या माणसालाही कोरड्या पायांनी सगळीकडे फिरता यावे. या ओवऱ्यांवर खांबांची किंवा कोरीवकामाची गर्दी नाही. एकामागून एक येणाऱ्या कमानींच्या लयीवर सारा परिणाम साधला आहे. नदीकडची दर्शनी बाजू जवळजवळ दोनशे मीटर लांब असून तीही अशीच संयमी आहे. अपवाद फक्त मधल्या महाद्वाराचा, तिथे मोठ्या कमानीत घोड्यावर बसलेल्या लुईचे शिल्प आहे. क्रांतीच्या काळात ते फोडले गेले आणि राजेशाही परतल्यावर पुन्हा घडवले गेले.

कारागिरांनी मौज केली ती छपरावर. तिथल्या माळ्याच्या खिडक्यांना दगडी चिलखतांचे आकार दिले आहेत. त्यांतल्या एका गोल खिडकीला एका लांडग्याने पंजांत धरले आहे आणि तो खाली चौकात पाहतो आहे. फ्रेंचमध्ये ‘लांडगा पाहतो’ याचा उच्चार ‘लू व्हुआ’ असा होतो. आपले नाव इमारतीवर कोरण्याची परवानगी राजाशिवाय कोणालाच नसल्याने मंत्रिमहाशयांनी ही सही मागे ठेवली, असे सांगतात.

आतले जीवन अर्धे मठाचे आणि अर्धे छावणीचे होते. शतक संपताना तिथे चार हजारांच्या आसपास माणसे राहत होती. मोठ्या चौकालगत चार भोजनशाळा होत्या आणि त्यांच्या भिंतींवर लुईने जिंकलेल्या शहरांची चित्रे होती. ज्या लढाईत पाय गेला तिचेच चित्र समोर ठेवून जेवताना त्या शिपायाला काय वाटत असेल, याची कल्पनाच करावी. वाईन रोज मिळे. नियम मोडणाऱ्याला ती बंद होई आणि भोजनशाळेतल्या एका वेगळ्या टेबलावर, सर्वांच्या देखत, पाणी पीत बसावे लागे. ज्यांचे हात चालत होते त्यांच्यासाठी कार्यशाळा होत्या. तिथे बूट शिवले जात, भिंतींवर टांगायचे चित्रपडदे विणले जात आणि धर्मग्रंथांची नक्षीदार हस्तलिखितेही तयार होत. पुढे अठराव्या शतकात इथल्या औषधशाळेत आंत्वान पारमाँतिये नावाचा औषधतज्ज्ञ आला. प्रशियाच्या कैदेत असताना बटाट्यावर दिवस काढलेल्या याच माणसाने बटाटा खाण्यालायक आहे हे फ्रान्सला पटवून दिले. शुश्रूषेचे काम पाहणाऱ्या जोगिणींशी त्याचे मुळीच पटले नाही, पण तो विषय वेगळा.

आता दुसऱ्या दरवाजाकडे वळू. इतक्या माणसांसाठी चर्च आवश्यकच होते आणि ते कसे बांधावे यावर ब्र्यूआँचे घोडे अडले. 1676 मध्ये लूव्हुआने हे काम तरुण ज्यूल आर्दुआँ-माँसार याच्याकडे दिले. व्हर्सायच्या राजवाड्याला आज दिसते ते रूप देणारा वास्तुकार तो हाच. त्याच्यापुढची अडचण दरबारी शिष्टाचाराची होती. राजा आणि शिपाई एकाच छताखाली प्रार्थनेला आले, तर त्यांनी एकाच दारातून कसे यायचे? माँसारने एकाला एक लागून दोन चर्चे बांधली. उत्तरेकडून, मानाच्या चौकातून, शिपायांनी यायचे. त्यांचे चर्च लांबट, उजळ आणि साधे. दक्षिणेकडून, शहराबाहेरच्या मोकळ्या बाजूने, राजाने यायचे, त्याच्यासाठी घुमट. दोहोंच्या मध्ये एकच वेदी. देव दोघांचा एकच राहिला, दरवाजे मात्र वेगळे झाले. शिपायांचे चर्च लवकर, 1679 मध्येच पूर्ण झाले. घुमटाला आणखी सत्तावीस वर्षे लागली आणि 28 ऑगस्ट 1706 रोजी म्हाताऱ्या राजाच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. तोवर लूव्हुआ मरण पावून पंधरा वर्षे झाली होती.

या घुमटाची बांधणी थोडी सावकाश समजून घ्यावी अशी आहे. शिखराच्या टोकापर्यंत त्याची उंची सुमारे 107 मीटर भरते. याचे काम सुरू होण्याच्या आधी वीसेक वर्षे, 1656 मध्ये, विजापूरचा गोलघुमट पुरा झाला. तिथे एकच जाडजूड कवच आहे. बाहेरून जे दिसते तेच आत गेल्यावर डोक्यावर असते. माँसारचा मार्ग याच्या अगदी उलट होता. त्याने एकात एक तीन कवचे बसवली. सर्वांत आतले कवच दगडी, पण त्याचा माथा मोठ्या गोल झरोक्यासारखा उघडा ठेवला आहे. त्या उघड्या माथ्यातून वर पाहिले की दुसरे कवच दिसते. त्यावर शार्ल द ला फॉस याने, संत लुई, म्हणजे तेराव्या शतकातला फ्रान्सचा राजा नववा लुई, आपली तलवार ख्रिस्ताला अर्पण करत असल्याचे चित्र रंगवले आहे. या चित्रावर भरपूर उजेड पडतो, मात्र तो ज्या खिडक्यांतून येतो त्या खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाहीत, त्यामुळे वरचे आकाश स्वतःच्याच तेजाने उजळल्याचा भास होतो. तिसरे, बाहेरचे कवच लाकडी सांगाड्यावर शिसे मढवून केले आहे आणि त्याचे काम केवळ दुरून भव्य दिसण्याचे आहे. आतून प्रमाणबद्ध वाटणारी उंची बाहेरून ठेंगणी वाटते आणि बाहेरून शोभणारी उंची आतून विहिरीसारखी वाटते, ही घुमट बांधणाऱ्यांची जुनी अडचण. ती अशी सुटली. कोणी याला डोळ्यांची फसवणूक म्हणेल आणि ते खोटे नाही, पण इतकी सफाईदार फसवणूक क्वचितच पाहायला मिळते. शिशावरच्या नक्षीचा मुलामा अनेकदा नवा करावा लागला. 1989 मध्ये त्याला सुमारे 12 किलो सोने लागले.

14 जुलै 1789 ची हकीकत आपल्याला बास्तीच्या तुरुंगावरून माहीत असते, पण त्या दिवसाची सकाळ लेझँव्हालीदमध्ये उजाडली. जमावाला बंदुका हव्या होत्या आणि त्या इथल्या तळघरांत होत्या. त्या निकामी करण्याचे काम आश्रमातल्या शिपायांवर सोपवले गेले होते. त्यांनी कित्येक तास घालवून जेमतेम वीस बंदुका मोडल्या असे म्हणतात, म्हणजे त्यांचे मन कोणाकडे होते ते उघड आहे. जमावाने सुमारे 30 हजार बंदुका नेल्या. बंदुकीची दारू मात्र मिळाली नाही, कारण ती बास्तीमध्ये होती, आणि म्हणून लोक तिकडे गेले. बास्तीच्या बचावाला जी तुकडी होती तिच्यात थोडे स्विस सैनिक आणि 82 अँव्हालीद होते. बंदुका गेल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरातून, आणि त्या ज्यांच्यावर रोखल्या गेल्या तेही त्यांच्यासारखेच म्हातारे.

क्रांतीने चर्चचे युद्धदेवता मार्सच्या मंदिरात रूपांतर केले आणि नेपोलियनने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. 1800 मध्ये त्याने सेनापती तुरेनचे अवशेष घुमटाखाली आणले, 1808 मध्ये किल्लेबांधणीचा आचार्य व्होबाँ याचे हृदय आणवले, आणि मधल्या काळात, 15 जुलै 1804 रोजी, लेजिओं दॉनर या सन्मानाची पहिली पदके इथेच वाटली. राजाच्या दरवाजाने आता सेनापती येऊ लागले होते. जिंकलेली निशाणे शिपायांच्या चर्चमध्ये टांगली जात. 30 मार्च 1814 च्या रात्री शत्रू पॅरिसच्या वेशीवर येऊन ठेपला, तेव्हा आश्रमाचा प्रमुख मार्शल सेर्युरिये याने ती चौदाशेहून अधिक निशाणे मानाच्या चौकात जाळून टाकली. प्रशियाच्या फ्रेडरिकची, नेपोलियनने लुटून आणलेली तलवारही त्याच वेळी नष्ट केली गेली. आज चर्चमध्ये जी निशाणे दिसतात, त्यांतली बहुतेक त्या रात्रीनंतरची आहेत.

नेपोलियनचे शव सेंट हेलेनाहून 15 डिसेंबर 1840 रोजी इथे आले, पण थडगे तयार व्हायला वीस वर्षे गेली. तोपर्यंत ते बाजूच्या एका लहान प्रार्थनागृहात ठेवले होते. वास्तुकार लुई व्हिस्कोंती याने घुमटाच्या मधोमध, अंगणातल्या हौदासारखा, गोल उघडा खड्डा खणवला. त्याच्या तळाशी व्होज पर्वतातल्या हिरव्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर रशियातल्या कारेलियाहून आणलेल्या तांबूस क्वार्टझाइटची पेटी आहे आणि भोवती प्रादियेने घडवलेल्या बारा विजयदेवता उभ्या आहेत. ज्या देशातल्या मोहिमेत नेपोलियनची फौज संपली त्याच देशाचा दगड त्याच्या पेटीला लागला. पेटीच्या आत एकात एक सहा शवपेट्या आहेत. 2 एप्रिल 1861 रोजी दफन पूर्ण झाले. व्हिस्कोंती तोवर हयात नव्हता. कारागिरी म्हणून हे काम उत्तम आहे, पण माझे स्पष्ट मत असे की माँसारच्या वास्तूचे त्याने नुकसान केले. तिथल्या माणसाने वर पाहावे म्हणून सगळी योजना होती. आता तो कठड्याला टेकून खाली पाहतो. दोन्ही चर्चांना जोडणारी वेदीही या कामात बदलली आणि 1873 मध्ये दोहोंच्या मध्ये काचेची भिंत आली. दोन शतकांपूर्वी दरवाजे वेगळे झाले होते, आता जागाही वेगळ्या झाल्या.

त्यापुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. शिपायांची संख्या घटत गेली तशी रिकाम्या दालनांत संग्रहालये आली आणि 1905 मध्ये त्यांतल्या दोहोंचे मिळून लष्करी संग्रहालय झाले. जुन्या भोजनशाळांत आता चिलखते मांडली आहेत. किल्ल्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींचा संग्रह त्याही आधी, 1777 पासून, इथल्या माळ्यावर आहे. तो लूव्हुआने सुरू केला होता आणि त्यासाठी मुद्दाम वेळ काढावा. जून 1940 मध्ये हिटलर थडगे पाहून गेला, आणि त्यानंतरच्या वर्षांत याच इमारतीत राहणाऱ्या मोरँ कुटुंबाने दोस्तराष्ट्रांचे पाडले गेलेले वैमानिक लपवून ठेवले, ते पकडले जाईपर्यंत.

मूळचे काम मात्र बंद पडलेले नाही. आवाराच्या एका भागात आजही लष्करी रुग्णालय आणि निवास आहे, तिथे युद्धात जखमी झालेले वृद्ध सैनिक राहतात आणि दहशतवादी हल्ल्यांत अपंग झालेल्या नागरिकांवरही उपचार होतात. 27 नोव्हेंबर 2015 रोजी पॅरिसमधल्या हल्ल्यांत मृत्यू पावलेल्यांना मानाच्या चौकात राष्ट्राने श्रद्धांजली वाहिली, तेव्हा जखमींपैकी काही जण चाकांच्या खुर्च्यांवर बसून तिथे आले होते, ब्र्यूआँच्या त्याच ओवऱ्यांच्या मधल्या अंगणात.