रिसॉर्टचा बंब आणि गावची मोळी
(मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, उघड्यावर कचरा पडला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे गोरेगाव-मुलुंडच्या लोकांना सांगावं लागत नाही. जंगलाला खेटून राहणाऱ्याच्या रोजच्या सवयी जंगलाला भोवतात. ताडोब्याला जाऊन आपण ज्या रिसॉर्टमध्ये उतरतो, त्यालाही हेच लागू आहे.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि भोवतीचा बफर 1,100. या बफरमध्ये गावं आहेत, धानाची शेती आहे, गुरं आहेत. रिसॉर्टही इथलीच. रिसॉर्टने किती रोपं लावली हे मला फार महत्त्वाचं वाटत नाही. त्याच्यामुळे गावातल्या बाईच्या जंगलातल्या फेऱ्या कमी झाल्या का, ते बघा.

आधी सरपण घेऊ. डोक्यावरची एक मोळी वीस-पंचवीस किलोची. पाहुण्यांसाठी रात्री पेटवलेली शेकोटी तेवढं लाकूड सहज खाते, आणि ते लाकूड बहुतेक वेळा शेजारच्या जंगलातूनच आलेलं असतं. शेकोटी बंद करावी, आंघोळीचं पाणी सौर हीटरवर तापवावं. जाळायचंच असेल तर तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या विकत घ्याव्यात. शेतकरी त्या एरवी बांधावरच पेटवून देतो.

गावात गॅस आला तरी सरपण थांबत नाही. राज्याच्या 2015 च्या जन-वन विकास योजनेतून बफरच्या गावांना गॅस मिळाला. स्वयंपाक त्यावर होतो, पण घरभराच्या आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. म्हणून मुंबईच्याच वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्टने चंद्रपूरकडच्या गावांत कमी सरपणाचे बंब दिले, ते मला फार मोलाचं वाटतं. बंबाच्या मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, त्यामुळे काटक्याकुटक्यांवर भागतं. बिघाड ठरलेले: जड पाण्याने आत क्षार धरतो, खालची जाळी जळते, सांधा गळतो. गावात वेल्डिंग करणारा नसेल तर गळका बंब अंगणात पडून राहतो आणि चूल पुन्हा पेटते. रिसॉर्टकडे दुरुस्तीचा माणूस असतोच. त्याने आठवड्यातून एक दिवस गावात बसावं, चार जाळ्या जवळ ठेवाव्यात. नवे बंब वाटण्याच्या समारंभापेक्षा याचा उपयोग जास्त.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वणवे अनेकदा तिथूनच सुटतात. शिवाय अंधुक उजेडात ओणवं होऊन वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. झाडाखाली चार खुंटांवर कमरेइतक्या उंचीची जाळी बांधली की दोन्ही टळतं. फुलाला माती लागत नाही, भावही बरा येतो. मात्र जाळी ताणून बांधावी, आणि वेचणं झालं की गुंडाळून ठेवावी, नाहीतर चितळाची शिंगं अडकतात. कुठलं झाड कोणाच्या वहिवाटीचं, हे आधी गावाला विचारूनच जाळ्या द्याव्यात.

जुलै ते सप्टेंबर गाभ्यातली सफारी बंद असते. नेमकी तेव्हाच शेतकऱ्याला रोख पैशाची निकड असते, आणि नेमका तेव्हाच रिसॉर्टचा पगार थांबतो. मग माणूस नाइलाजाने जंगलाकडे वळतो. पगार बारा महिन्यांचा हवा. पावसाळ्यात डागडुजी आणि प्रशिक्षण करून घ्यावं. तांदूळ सुगीलाच गावातून वर्षाचा भरावा. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी कामगार रजा मागतात, ती द्यावी. त्या रजेवर चिडून बाहेरची माणसं आणणारे मॅनेजर गाव कायमचं गमावतात.

आणि गाय मारली गेली तर? 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही. भरपाई येईपर्यंत दिवस जातात आणि वाघ तर दुसऱ्या रात्रीच परत येतो. संतापलेल्या हाताने मढ्यावर कीटकनाशक टाकलं जातं ते याच मधल्या वेळात. रिसॉर्टने त्याच दिवशी जीप द्यावी, फोटो काढून अर्ज भरून द्यावा, थोडी उचल मालकाच्या हातात ठेवावी. आणि त्या मढ्याजवळ पाहुण्यांची गाडी न्यायची नाही. गोठ्यातलं दावं रिकामं झालेला माणूस तिथेच उभा असतो.