तिथी बघून सोडलेला दोर

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. नांगराबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला तिनंच दिला.

एका पौर्णिमेला मी आणि माझा मेहुणा, दोघंच, शिडाची छोटी बोट घेऊन मांडव्याच्या बाजूला गेलो. संध्याकाळी सहाच्या आत नांगर टाकला. पाणी २ मीटर, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची १ मीटर, झाले ३. पाचपट दोर सोडायचा हे पाठ होतं, म्हणून १५ मीटर सोडला, डबा खाल्ला आणि झोपलो. बाराच्या सुमारास मेहुण्यानं हलवलं. ‘‘दाजी, जेट्टीचे दिवे कुठे गेले?’’

दिवे जागच्या जागी होते. आम्ही निघालो होतो.

आता हिशेब बघा. आपल्याकडे कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्याच्या सहा तास आधी, ऐन ओहोटीला, आम्ही नांगर टाकला होता, आणि मुंबईत उधाणाला पाणी सहज ४ मीटर चढतं. रात्री ते ६ मीटर झालं, नाळ धरून ७. दोर तोच, १५ मीटर. पाचपट होता, तो जेमतेम दुप्पट उरला. दोर असा उभा झाला की नांगर रुतत नाही, उपटला जातो. त्यात भरती संपून पाणी फिरलं, बोट फिरली आणि नांगर उलटा ओढला गेला. खरं तर ७ ची पाचपट, ३५ मीटर दोर हवा होता. वारा असता तर सातपट, जवळजवळ ५०. समोर दिसतंय त्या पाण्यावर दोर मोजायचा नाही, पुढच्या भरतीवर मोजायचा. दोर लांबला की बोटीचा फेराही मोठा होतो, तेव्हा त्या फेऱ्यात ओहोटीला पाणी उरणार का, हेही आधीच बघा.

मराठीत शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर एकच शब्द आहे. जी. आय. टेलर नावाचे मोठे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ, स्वतः शिडाची बोट हाकणारे. त्यांनी १९३३ मध्ये खरोखरच शेतातल्या नांगरासारखा फाळ असलेला नांगर बनवला, सीक्यूआर. त्यांना मराठी येत असतं तर नाव शोधायची गरजच नव्हती! आपल्या बंदरातल्या मऊ चिखलाला मात्र रुंद, चपट्या फाळांचा डॅनफर्थ बरा. पुढे निदान ५ मीटर साखळी, तिच्या वजनानं ओढ आडवी राहते. मग नायलॉनचा दोर, कारण तो ताणतो आणि धक्का खातो. तरंगणारा प्लास्टिकचा स्वस्त दोर घेऊ नका. एक दिवस तो इंजिनाच्या पंख्यात जाणार.

दोनच माणसं असली की खरी गोची होते ती घाईची. एक सुकाणूवर, एक नाळेवर, मध्ये इंजिनाचा आवाज. ओरडलेलं काही कळत नाही आणि घरी जाईपर्यंत अबोला. म्हणून हाताच्या खुणा किनाऱ्यावरच ठरवा. शिडं लवकर उतरवा. दोर बादलीत सुटा भरून ठेवा, दर ५ मीटरवर रंगीत दोरा गुंडाळा, आणि दुसरं टोक बोटीला बांधलंय ना, हे हात लावून बघा. हसू नका, आख्खा दोर नांगरासकट गेलेला मी पाहिलाय.

शेजारच्या होड्यांची तोंडं जिकडे, तिकडे तोंड करून हळू जा. बोट थांबून मागे सरकायला लागली की नांगर खाली सोडा. भिरकावू नका, साखळी त्याच्यावरच पडून गुंतते. पूर्ण दोर गेला की खुंटाला बांधा, इंजिन हळूहळू रिव्हर्सला आणि दोरावर तळहात. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, बैलगाडी खडीवरून गेल्यासारखा. धरला असेल तर नुसता ताठ होतो. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा मोबाईल टॉवर एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली की समजा.

एकटेच असाल तर नाळेवर धावूच नका. दोर नाळेवरून काढून बोटीच्या बाहेरून, सगळ्या खांबांच्या बाहेरून, मागे सुकाणूपाशी आणा आणि नांगर तिथूनच सोडा. बोट आपोआप नाळेवर वळते.

दोन-तीनदा घसरला तर वर काढून बघा. आमच्या त्या रात्री नांगर वर आला तेव्हा एका फाळावर दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा होता, चिखलानं लिंपलेला. दोर ३५ मीटर सोडला असता तरी तो धरला असता की नाही, देव जाणे. पिशव्या काढल्या, परत टाकला, सगळा दोर सोडला, आणि एकानं जागायचं ठरलं.

पहाटे पाच-सहाला पाणी तळाशी गेलं, तेव्हा नांगर इतका रुतला होता की दोघांनी ओढूनही हलेना. मेहुणा कंबर धरून बसला. मग पाणी चढायची वाट पाहिली. दोर उभा होईल इतका आत घेऊन खुंटाला बांधला आणि स्टोव्हवर चहा ठेवला. भरती बोट उचलते, बोट नांगर उचलते. तासाभरात नाळ जरा खाली दबली, आणि एकदम सुटली. वर आलेल्या त्या काळ्या चिखलाचा वास मेहुण्याच्या शर्टाला नंतर आठवडाभर होता, असं माझी बायको सांगते.